पट्टी सरकते, उजेड मात्र हलत नाही

बीडच्या जिल्हा न्यायालयात किंवा अंबाजोगाई, माजलगाव, केज, आष्टी इथल्या न्यायालयांत पुढची तारीख ज्या संगणकावर चढते, त्यावर बहुधा विंडोज नसतं. ई-कोर्ट्‌स प्रकल्पात देशभरच्या जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी उबुंटू ही लिनक्स प्रणाली स्वीकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तिची न्यायालयांसाठी खास आवृत्ती करून घेतली, न्यायिक अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण दिलं. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर तर पुण्याच्या एनआयसीत, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात, तयार झालं. लिनक्स म्हणजे पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअर पोरांचा नाद, असं समजणाऱ्याने एकदा तालुक्याच्या कोर्टात डोकावून यावं.

दुसऱ्या वाटेनेही लिनक्स आता जिल्ह्याच्या गावांत पोचतंय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर लागतो. मग सात-आठ वर्षांच्या, धडधाकट लॅपटॉपचं करायचं काय? भंगारात घालायचा नसेल तर त्यावर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकतात. मशीन पहिल्यापेक्षा चपळ होतं, वायफाय लागतं, यूट्यूब चालतं. आणि मग लक्षात येतं की उजेड कमी-जास्त करायचं बटण दाबलं की स्क्रीनवर पट्टी छान सरकते, पण उजेड जिथल्या तिथे. किंवा पट्टीच येत नाही. किंवा मशीन बंद करून चालू केलं की उजेड पुन्हा डोळ्यांत घुसेल इतका.

वरवर ही क्षुल्लक तक्रार वाटते. बीडच्या उन्हात ती क्षुल्लक राहत नाही. स्वस्त लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर साधारण २२० ते २५० निट इतका प्रकाश देतो. मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हात ठेवलेला पांढरा कागद मात्र वीस-पंचवीस हजार निटच्या घरात चमकतो. म्हणजे उन्हात बसलं तर पूर्ण उजेडसुद्धा अपुराच. ओसरीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्याला पट्टीचं शेवटचं टोक हवंच असतं. रात्री नेमकं उलट. सगळे झोपलेल्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला तोच पडदा अगदी मंद हवा असतो.

त्यात विजेचा प्रश्न. परळीला औष्णिक वीजकेंद्र असलेल्या या जिल्ह्यातही वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि तोवर भिस्त बॅटरीवर. साधं टंकन-वाचन चालू असताना लॅपटॉपमधली बरीचशी वीज पडद्यामागचे दिवेच खातात. बॅटरीवर ४० वॉट-तास लिहिलेलं आहे आणि मंद उजेडात मशीन ७ वॉट खातंय असं धरलं, तर ती साडेपाच तासांच्या वर चालते. उजेड पूर्ण केल्यावर खप १० वॉट झाला की चारच तास. हा हिशेब कुणालाही स्वतःच्या मशीनवर पडताळता येतो. लिनक्समध्ये बॅटरीच्या फोल्डरात, बऱ्याच लॅपटॉपवर, ‘पॉवर नाउ’ नावाची फाइल असते. त्या क्षणी किती वीज जाते आहे, तो आकडा त्यात मायक्रोवॉटमध्ये लिहिलेला सापडतो. चार्जर काढून उजेड कमी-जास्त करत ती फाइल दोनदा वाचली की फरक समोर दिसतो.

आता मुख्य प्रश्न. पट्टी सरकते, तर उजेड का हलत नाही?

बटण दाबल्यापासून दिवा मंद होईपर्यंत हुकूम बऱ्याच हातांतून जातो. आधी कीबोर्ड सांगतो की अमुक बटण दाबलं. ते ऐकून डेस्कटॉप, म्हणजे ग्नोम, सिनॅमन किंवा केडीई, नवा आकडा ठरवतो आणि पट्टी काढून दाखवतो. मग तो आकडा कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे जातो. कर्नल तो ग्राफिक्सच्या चिपला देतो किंवा लॅपटॉप कंपनीने मशीनमध्येच भरून ठेवलेल्या फर्मवेअरला. तिथून तो पडद्यामागच्या एलईडी दिव्यांपर्यंत पोचतो. हे दिवे बहुतेक वेळा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होत असतात. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला उजेड कमी झालेला भासतो. जमिनीच्या फेरफाराचं उदाहरण घ्या: अर्ज दिल्यावर पोच हातात पडते. नोंद मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर अडली की आणखी कुठे, हे त्या पोचेवरून कळत नाही. स्क्रीनवरची पट्टी ही तशी पोच आहे. डेस्कटॉपने हुकूम पुढे सरकवला, एवढंच ती सांगते.

हुकूम सर्वाधिक वेळा अडतो तो कर्नल आणि फर्मवेअरच्या मधल्या सांध्यात. त्यामागचा इतिहास मोठा मजेशीर आहे, आणि थोडा संताप आणणाराही.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचा करार-मसुदा जाहीर केला. मशीनमधली वीज, झोप, पंखा, बॅटरी यांविषयी फर्मवेअर आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे त्यात ठरलं. उजेडासाठीही त्यात सोय आहे. उजेडाच्या किती पायऱ्या आहेत ते फर्मवेअरला विचारायचं, हवी ती पायरी सांगायची, बाकीचं ते बघून घेतं. कागदावर हे झकास होतं. प्रत्यक्षात लॅपटॉप कंपन्या आपलं फर्मवेअर विंडोजवर चालतं की नाही एवढंच तपासून मशीन बाजारात आणत. काही कंपन्यांनी तर स्वतःच्या वेगळ्या पद्धती केल्या, त्यामुळे लिनक्सला थिंकपॅडसाठी एक, तोशिबासाठी दुसरा, सॅमसंगसाठी तिसरा असे स्वतंत्र ड्रायव्हर लिहावे लागले.

मशीन सुरू होताना फर्मवेअर प्रणालीला विचारू शकतं, ‘तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?’ लिनक्सचा कर्नल याला सरळ ‘हो’ म्हणतो. ‘तू लिनक्स आहेस का?’ असं विचारलं, तर मात्र ‘नाही’. हे खोटं जाणूनबुजून बोललं जातं. खरं सांगितलं तर फर्मवेअरमधली अशी वाट उघडते, जी कंपनीत कुणी चालून पाहिलेली नसते. खोटं बोललं की निदान तपासलेली वाट मिळते. बरीच वर्षं हे निभावलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि गाडी अडली. विंडोजने उजेडाचं काम फर्मवेअरकडून काढून ग्राफिक्स ड्रायव्हरकडे सोपवलं. कंपन्यांनी फर्मवेअरमधली जुनी वाट ठेवली, पण आता तिच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. काही लॅपटॉपांत तर ‘विंडोज ८’ हे उत्तर ऐकलं की ती वाट बंदच होई. लिनक्स आपलं नेहमीप्रमाणे ‘हो, मी विंडोज ८’ म्हणून मोकळं होई आणि उजेडाचा हुकूम मात्र जुन्या वाटेने पाठवी. फर्मवेअर हुकूम घेई, काहीच करत नसे, आणि चूक झाली असंही कळवत नसे. त्या काळात विकत घेतलेल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर जगभरच्या लोकांनी लिनक्सला शिव्या घातल्या त्या यामुळे.

दुरुस्तीही सोपी नव्हती. २०१३ मध्ये कर्नल ३.११ च्या तयारीत असा बदल घातला गेला की मशीन विंडोज ८ च्या काळातलं दिसलं, की फर्मवेअर सोडून थेट ग्राफिक्स चिपशी बोलायचं. काही मशीनवर उजेड हलू लागला, काहींवर चालणारा बंद पडला. आवृत्ती बाहेर पडण्याआधीच तो बदल मागे घ्यावा लागला. पुढे हळूहळू थेट बोलण्याचीच पद्धत मुख्य झाली, तरी एक घोळ उरला: एकाच पडद्यासाठी दोन-दोन, तीन-तीन ‘नियंत्रक’ एकदम हजर व्हायचे आणि कुणाचं ऐकायचं हे डेस्कटॉपने ठरवायचं. हा घोळ निस्तरला तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या हान्स डी गोडे या डच अभियंत्याने. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कर्नल ६.१ पासून एका पडद्याला एकच नियंत्रक नोंदवायचा, असा नियम झाला. त्याआधी त्यांनी लॅपटॉप वापरणाऱ्यांना आपापल्या मशीनवर चाचणी करून पाहण्याचं जाहीर आवाहन केलं होतं. कारण कोणत्या मॉडेलमध्ये काय दडलंय, हे कंपन्यांनाही धड सांगता येत नाही.

म्हणूनच जुन्या लॅपटॉपवर उजेडाची तक्रार असेल, तर आधी कर्नलची आवृत्ती बघणं शहाणपणाचं. नव्या उबुंटूत किंवा मिंटमध्ये ६.१ च्या पुढचाच कर्नल असतो. कुणीतरी चार-पाच वर्षांपूर्वीच्या पेनड्राइव्हवरून जुनी आवृत्ती टाकून दिली असेल, तर नुसत्या अपग्रेडने प्रश्न सुटण्याची शक्यता चांगली.

नाही सुटला, तर हुकूम कुठल्या टेबलावर अडलाय ते शोधायला लागायचं. सुरुवात बटणापासून. पडद्याच्या कोपऱ्यातल्या मेनूत उजेडाची पट्टी असते. ती माउसने सरकवून उजेड हलतो का? हलत असेल तर कर्नल, फर्मवेअर, दिवे सगळं ठीक आहे, अडचण फक्त कीबोर्डची. बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या रांगेतली बटणं एफएन दाबून वापरायची की नुसतीच, हे बायोसमध्ये ठरतं. ते उलटं झालेलं असतं, एवढीच बाब. ‘ईव्हीटेस्ट’ नावाचं छोटं साधन बटण दाबल्यावर कर्नलला काय ऐकू आलं ते दाखवतं. उजेड कमी करण्याचा संकेत २२४ क्रमांकाचा, वाढवण्याचा २२५. हे आकडे दिसले तर कीबोर्डही निर्दोष, मग डेस्कटॉपच्या शॉर्टकटांत बघायचं.

माउसनेही उजेड हलत नसेल, तर लिनक्सची एक सुंदर सोय उपयोगी पडते. इथे यंत्राचे भागसुद्धा फायलींच्या रूपात दिसतात. ‘सिस’ नावाच्या फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘बॅकलाइट’. आत ज्याचं नाव दिसेल तो उजेडाचा नियंत्रक. ‘इंटेल बॅकलाइट’ किंवा ‘एएमडीजीपीयू’ने सुरू होणारं नाव असेल तर कर्नल थेट ग्राफिक्स चिपशी बोलतोय. ‘एसीपीआय व्हिडिओ’ असेल तर फर्मवेअरच्या जुन्या वाटेने. फोल्डर रिकामा असेल तर कर्नलला नियंत्रक सापडलेलाच नाही; मग डेस्कटॉपवर पट्टी येणारच नाही आणि डेस्कटॉप बदलून काही उपयोग नाही. दोन नावं दिसली, तर कर्नल जुना आहे किंवा मशीनमध्ये इंटेलबरोबर एनव्हिडियाचं वेगळं कार्ड आहे. ग्नोम अशा वेळी फर्मवेअरवाल्या नियंत्रकाला पहिला मान देतो, आणि नेमका तोच निकामी असू शकतो.

प्रत्येक नियंत्रकाच्या फोल्डरात एक फाइल जास्तीत जास्त उजेडाचा आकडा सांगते, दुसरी सध्याचा. हा कमाल आकडा मशीनगणिक वेगळा: कुठे १५, कुठे २५५, कुठे ९३७, कुठे हजारांत. सध्याच्या उजेडाच्या फाइलीत नवा आकडा लिहिला की उजेड बदलायला हवा. मात्र तिथे लिहायचा हक्क फक्त मुख्य वापरकर्त्याला, म्हणजे रूटला असतो. इथे नवशिके हमखास अडखळतात. ‘सुडो’ लावून ‘एको’ने आकडा बाणाच्या चिन्हाने फाइलीत ढकलला तरी ‘परवानगी नाही’ असंच उत्तर येतं. सुडोचा अधिकार एको या कमांडला मिळतो. फाइल उघडण्याचं काम मात्र साधं टर्मिनलच करतं. ‘टी’ नावाची कमांड सुडोने चालवून तिच्याकडे आकडा सोपवला की काम होतं. त्याहून सोपं म्हणजे ‘ब्राइटनेससीटीएल’ हे साधन बसवून त्याला टक्केवारी सांगणं. जुन्या सल्ल्यांत भेटणारं ‘एक्सबॅकलाइट’ मात्र सोडून द्यावं. वेलँड या नव्या चित्र-प्रणालीवर चालणाऱ्या आजच्या डेस्कटॉपवर ते निरुपयोगी आहे.

लिहिताना आकडा शून्य करू नये. काही मशीनवर शून्य म्हणजे अगदी मंद, काहींवर दिवा पूर्ण बंद. पडदा काळा झाला तर घाबरायचं कारण नाही, मशीन बंद करून चालू करावं. सिस्टमडीमधली बॅकलाइट सेवा मशीन बंद होताना उजेडाचा आकडा जपून ठेवते आणि सुरू होताना परत लावते. लावताना तो कमाल आकड्याच्या पाच टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. दर वेळी चालू केल्यावर उजेड पूर्णच येतो, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी हीच सेवा चालू आहे का ते पाहावं.

फाइलीत आकडा बदलतो पण दिवा ढिम्म, असं झालं तर हुकूम चुकीच्या वाटेने जातोय हे पक्कं. मग कर्नलला वाट बदलायला सांगायचं. त्यासाठी ‘एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट’ हा पर्याय असतो. त्यापुढे ‘नेटिव्ह’ लिहिलं तर थेट ग्राफिक्स चिप, ‘व्हिडिओ’ लिहिलं तर फर्मवेअर, ‘व्हेंडर’ लिहिलं तर त्या कंपनीचा खास ड्रायव्हर. यूट्यूबवरचं मित्रमंडळ ‘ही ओळ ग्रबच्या (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत टाका’ असं सांगून मोकळं होतं आणि माणसं तिन्ही पर्याय एकापुढे एक चिकटवून बसतात. तसं करू नये. मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीवर ‘ई’ हे बटण दाबलं, तर त्या एका वेळेपुरता पर्याय लिहून पाहता येतो. जमलं नाही तर पुन्हा चालू केल्यावर सगळं पूर्ववत. एक पर्याय, एक चाचणी. जो चालेल तोच मग ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत.

एक नकली उपायही प्रचारात आहे. वेलँड नसलेल्या डेस्कटॉपवर ‘एक्सरँडर’ या कमांडने उजेड निम्मा करता येतो आणि डोळ्यांना तसं जाणवतंही. पण त्यात मागचा दिवा तसाच जळत असतो. चित्राचे रंग तेवढे काळपट केलेले असतात. बॅटरी एक मिनिटही वाचत नाही, वर चित्र मळकट दिसतं. ओलेड पडद्याची गोष्ट वेगळी. तिथे मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळपट चित्र खरोखर कमी वीज खातं.

कधी तर बिघाड नसतोच. बॅटरीवर असताना रंग फिके पडतात, चार्जर लावला की परत येतात, अशी तक्रार एएमडीच्या नव्या लॅपटॉपवर येते. वीज वाचवण्यासाठी मागचा दिवा थोडा कमी करून चित्रच उजळ करण्याची ती युक्ती असते. पॉवर मोड बदलला की ती थांबते. उजेडाचा सेन्सर असलेल्या लॅपटॉपवर पडदा आपोआप मंद होतो, तोही सेटिंग्जमधून बंद होतो.

आणि कधी दोष खरोखर पडद्याचाच असतो. पडदा पूर्ण काळा दिसत असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघावा. पुसटसं चित्र दिसलं तर लिनक्स, ग्राफिक्स सगळं चालू आहे, मागचा दिवा तेवढा मेला आहे. फुटलेला पडदा बदलून घेतला आणि तेव्हापासून उजेड हलेना, असं असेल तर कमांडी मारत बसण्यात अर्थ नाही. लॅपटॉपच्या पडद्याला जाणाऱ्या तीस पिनांच्या केबलमध्ये दिवा चालू करण्याची एक पिन असते आणि त्याचा उजेड ठरवणारी दुसरी. दुसऱ्या पिनेचा संकेत नव्या पडद्यापर्यंत पोचत नसेल, तर दिवा लागतो पण एकाच उजेडावर अडकतो. विंडोजवरही तोच प्रकार दिसला, की दुरुस्तीवाल्याकडे परत जायचं.

न्यायालयांतल्या किंवा सेतू केंद्रांतल्या टेबलावरच्या संगणकांना मात्र यातलं बरंचसं लागू होत नाही. वेगळ्या मॉनिटरचा उजेड मॉनिटर स्वतः सांभाळतो, म्हणून तिथे बॅकलाइटचा फोल्डर रिकामाच असतो आणि डेस्कटॉपवर बहुधा पट्टी दिसत नाही. मॉनिटरच्या काठाखालची बटणं दाबावीत, हे सरळ. तरी बऱ्याच मॉनिटरांना केबलमधूनच हुकूम देता येतो. ‘डीडीसीयूटिल’ हे साधन ते करतं. त्याच्या भाषेत उजेडाचा क्रमांक १० आहे.

एखाद्या मॉडेलवर ‘नेटिव्ह’ किंवा ‘व्हेंडर’ लिहिल्यानेच उजेड चालतो असं आढळलं, तर ते कर्नलवाल्यांना कळवण्यासारखं असतं. कर्नलच्या मूळ मजकुरात अशा हट्टी लॅपटॉपांची लांबलचक यादी आहे. लेनोव्हो, डेल, सॅमसंग, एसर, असूस, अॅपल, सगळ्यांची मॉडेलं तिच्यात सापडतात. कळवताना कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मशीनमध्ये नोंदलेलं असतं तसंच द्यायचं, खोक्यावरचं नव्हे. सोबत कर्नलची आवृत्ती आणि कोणता पर्याय चालला ते. यादीत त्या मॉडेलची ओळ चढली, की पुढच्या कर्नलसोबत ती धारूरच्या लॅपटॉपवरही येते आणि त्याच मॉडेलच्या पोलंडमधल्या लॅपटॉपवरही, आणि ग्रबची फाइल उघडायची वेळ दोघांवरही येत नाही.